एकोणीस एक

निपाणीच्या वखारीत बोद मोजायचं काम गंगाक्काकडं.
बोद आत आला की भिंतीवर कोळशाची एक रेघ.
पाचवी आडवी मारायची रीत तिला पसंत नव्हती,
"उभ्याला उभंच ऱ्हाऊ दे की," म्हणायची.

मी सातवीत. शाळा सुटली की शिंकत तिथंच बसायची.
तंबाखूच्या धुरळ्यात एकदा
रेघा दिसल्याच नाहीत, आकडा दिसला:
एकाशेजारी एक, असे
एकोणीस एक.

वाचायला गेले. एकं दहं शतं,
कोटी, अब्ज, खर्व, निखर्व,
पाठ केलेलं सगळं परार्धाशी संपलं
आणि डावीकडचा शेवटचा एक
बिननावाच्या घरात उभा.
शिवरुद्र हमालाला विचारलं, तुमच्यात ह्याला काय म्हणतात?
तो पलीकडच्या दाराकडून मोजत आला,
ओंदु, एरडु, मूरु...
"हत्तोंबत्तु. एकोणीस. आनि काय?"
उलटीकडूनही आकडा तोच होता.

मग भागायला बसले.
पाटी पुरेना, म्हणून दाराच्या फळीवर, खडूनं.
दोननं: बाकी एक.
तीननं: बाकी एक.
पाच, सात, अकरा, तेरा,
दर वेळी खाली तोच,
पंगतीत पान न मिळालेल्या पोरासारखा,
एक.
सतरानं नऊ उरले तेव्हा जरा हायसं वाटलं.
एकोणिसानं पुन्हा एक.

कारण नंतर कळलं, आणि ते साधं निघालं.
अठरा एकांना वाटेकरी पुष्कळ:
तीन म्हणतो माझे, सात म्हणतो माझे,
अकरा, तेरा, एकोणीस, सदतीस,
आणि एक घर डावीकडं सरकवले
की दोन नि पाचही रांगेत.
गंगाक्काची शेवटची रेघ तेवढी
ह्यांच्यातल्या कुणाच्या हिश्श्याला येत नाही.

पुढं बेळगावला कॉलेजात सर म्हणाले,
एकोणीस एकांचा आकडा मूळ आहे, अविभाज्य.
सतरा एकांचं तसं नाही, ते फुटतात;
फोडणारा पहिलाच भेटतो तो
वीस लाख एकाहत्तर हजार सातशे तेवीस.
तिथवर चालत जायची तयारी हवी.
अविभाज्य. हा शब्द आमच्या भागात
फळ्यापेक्षा फलकांवर जास्त,
दोन्ही लिप्यांत, निवडणुकीच्या आधी ताजा रंगवलेला.
मी तो वहीत उतरवला
आणि पुढं नुसतं "वखार" लिहिलं.

त्या संध्याकाळी मात्र माझ्याजवळ सर नव्हते,
नुसती खडूनं भरलेली फळी होती.
म्हटलं, "गंगाक्का, ह्यो आकडा कशानंच जाईना."
तिनं काळी बोटं पदराला पुसली,
फळीकडं पाहिलं, भिंतीकडं पाहिलं.
"मग ऱ्हाऊ दे तसाच."
तेवढ्यात गाडीवरून शिवरुद्र ओरडला,
इन्नोंदु!
तिनं विसावी रेघ मारली.

वीस एक.
अकरानं लगेच भाग गेला.