फॉल-पिको

आमच्या बार्शीला कुणी जरा विचित्र वागलं
की म्हणायचे, याला ठाण्याला धाडा.
मी तर लग्न होऊन ठाण्यालाच आले.
पहिली काही वर्षं हे सांगून माहेरी हसवायचे सगळ्यांना.
गेल्या दिवाळीपासून सांगत नाही.

चरईतल्या लॅबमध्ये मी रिपोर्ट टाइप करते.
लोकांची साखर, लोकांचं थायरॉईड,
काही वाढलं की ते ठळक अक्षरांत.
एकदा माझंच रक्त काढायला लावलं हेरंबला,
सकाळी, कुणी यायच्या आत.
सगळं मर्यादेत. एकही आकडा ठळक नाही.
त्याच संध्याकाळी मेथीची जुडी मांडीवर घेऊन बसले.
नऊ वाजले तरी जुडी तशीच,
फक्त मऊ पडलेली.

हेरंब सॅम्पल गोळा करत स्कूटरवर हिंडतो, वय तेवीस.
त्यानं रिकाम्या पाकिटावर एक नंबर लिहून दिला.
म्हणाला, माझी ताई जायची.
जायची, की जाते अजून,
मी विचारलं नाही.
पाकीट तांदळाच्या डब्यात सतरा दिवस.

नौपाड्यात, गल्लीच्या आतल्या गल्लीत, दुसरा मजला.
पाटी एवढीशी : देवयानी कर्णिक, समुपदेशन.
आणि खाली नलू भोईरचं फॉल-पिको.
देवच पावला.
घरी सांगायचं, साडी टाकायला जाते.
पुढच्या बुधवारी सांगायचं, साडी आणायला जाते,
आणि जाताना दुसरी न्यायची.

पहिल्या बुधवारी जिना चढलेच नाही.
साडी टाकली, पावती घेतली,
तलावपाळीला एक चक्कर मारून घरी.
दुसऱ्या बुधवारी चढले.
दाराबाहेर चपलांचे तीन जोड होते.
मी माझ्या चपला पिशवीत घालून आत नेल्या.
बाईंनी पाहिलं. बोलल्या नाहीत.
अर्धा तास मी लॅबच्या एसीबद्दल बोलले,
आणि मालकाच्या भाच्याबद्दल.
मेथीचं अगदी शेवटी निघालं.
त्यांनी विचारलं, मग काय केलंत तिचं?
आणि मी रडले.
पन्नाशीची बाई, मेथीवरून.

मग एकेक साडी जात राहिली.
इरकल. धाकट्या जावेनं दिलेली पिस्ता रंगाची.
मुलाच्या मुंजीतली, जी मला कधीच आवडली नव्हती,
आणि हेही मी तिथंच, वर, पहिल्यांदा मोठ्यानं म्हणाले.
आईच्या नऊवारीला फॉल लागत नाही,
नाहीतर तीही दिली असती.

अकराव्या बुधवारी नलूनं साडी उलटवली,
काठ बोटांत धरून पुढं सरकवत गेली, थांबली.
वहिनी, हिला आहे की फॉल. मीच लावलाय.
मी म्हटलं, असू दे, वरून दुसरा लाव.
तिनं मशीनवरचा पाय काढला.
साडी परत घडीत बसवली, नीट,
माझ्यापेक्षा नीट.
म्हणाली, पिशवी ठेवा इथंच, उतरताना न्या.
आणि जिन्यात सांभाळून,
वळणावरची पायरी हलते.
किती वेळा सांगितलं मी बाईंना.

पायरी खरंच हलते.
इतके बुधवार माझ्या लक्षातच नव्हतं आलं.

चपला बाहेर काढल्या त्या दिवशी.
बाकी बरं म्हणाल तर, काल मेथी निवडली,
अर्धी जुडी.
देठ राहिले बरेच, यांच्या दातांत आले.
ते म्हणाले, आज भाजी कुणी निवडली?
मी, म्हटलं.

बुधवारचं अजून सांगितलेलं नाही.
सांगावं लागेल.
साड्या संपल्यात.