तुसडा

दिघंचीच्या बाजारात माझ्या बापाला
केरबा यमगर म्हणून कमी ओळखायचे,
तुसडा म्हणून जास्त.
"कुणाची गं तू?"
"केरबाची."
"कंचा केरबा? त्यो तुसडा व्हय?"
मी मान हलवायचे. आठ वर्षांची होते,
मला ते आडनावच वाटायचं.

पुढं कधीतरी शब्दकोशात पाहिलं:
चटकन चिडणारा, तोडून बोलणारा.
शब्द आला कुठून,
त्यावर कोश गप्प.

मला ठाऊक होतं कुठून.
दिवाळीच्या आगेमागे बाजरीची मळणी निघायची,
यंत्र पोपट हेगड्याचं, तासावर पैसे,
म्हणून मुतायलाही कुणी थांबत नसे.
बाप तोंडाला टॉवेल गुंडाळून
कणसं आत ढकलत राहायचा
आणि वारं फिरलं की सगळं त्याच्या अंगावर.
तूस.
धरायला गेलं तर नसतं.
मानेत, काखेत, कानामागं, पापणीच्या काठावर
रात्रभर जागं.
अशात आईनं विचारावं, "भाकरी वाढू का?"
"मग काय धोंडं वाढतीस?"

यंत्र दोन दिवसांत दुसऱ्याच्या खळ्यावर जायचं.
बाप आषाढातही मान खाजवायचा,
आणि चहा यायच्या आधीच
पाव्हण्यांना विचारायचा,
"मग, निघालासा?"

विट्याच्या शाळेत नोकरी लागल्यावर
मराठीच्या पुजारी सरांना मी हे सगळं सांगितलं.
ते म्हणाले, "छान आहे,
पण बाई, व्युत्पत्ती अशी अंग खाजवून सापडत नसते."
मी म्हणाले, "तुम्हाला न खाजवता किती सापडल्या?"
स्टाफरूम शांत.
सर चष्मा पुसत म्हणाले,
"राहू द्या. पटलं."

तो गेला त्या वर्षी बाजरी पेरलीच नव्हती.
सदरे वाटून टाकताना एक मी मागं ठेवला,
कॉलर उलटी करून उन्हात धरली.
शिवणीत तीन तुसं,
पिवळी पडलेली, केसाहून बारीक.

लोक म्हणतात,
वरून काटेरी माणूस आत दाण्यासारखा असतो.
असेल.
मी चाळीस वर्षं पाखडलं,
हाताला दाणे लागले ते मोजके,
त्यातला एक, परीक्षेच्या दिवशी,
एसटीच्या खिडकीतून फेकलेली पाच रुपयांची घडी
आणि "पडशील, हात आत घे."

ती तीन तुसं मी काढली नाहीत.
माया म्हणून नव्हे.
निघत नाहीत.
नख लावलं
की आणखी आत जातात.