यादीतला चौथा

जावयानं मस्कतहून आणलेला डबा
टीव्हीखाली बसला, व्हीसीआरच्या जागी.
मागून फोनची तार, मांडीवर कीबोर्ड,
आणि वृंदाचं पत्र पडद्यावर उजाडलं
निळ्यावर पांढरं, बातम्यांच्या मथळ्याएवढं.
शेजारच्या सत्यवतीबाई मालिका बघायला आल्या
नि आमच्या मुलीचे डोहाळे वाचून गेल्या.

ही म्हणाली, पत्र हातात धरता यायला हवं.
टीव्ही काही उशीखाली ठेवता येत नाही.

म्हणून शुक्रवारी साखळीहून म्हापशाला.
पुस्तिकेचं शेवटचं पान खिशात:
डब्याशी जुळणारे प्रिंटर, एकूण सात.
मिरच्यांच्या आणि चवरीसांच्या माळांमधून वाट काढत
कायतान फुर्तादच्या दुकानात पोचलो.
त्यानं यादी पंख्याच्या वाऱ्यात धरून वाचली.
"मास्तर, हो डबो कॉम्प्युटर न्हय.
ताका सात जाणांचीच भास कळटा.
आठवो हाडल्यार ओगी रावतलो."

पहिले तीन आता बनतच नाहीत.
पाचव्याची शाई मुंबईहून, आली तर आली.
सहाव्याला काळं ठाऊक नाही,
तीन रंग कालवून जांभळट काहीतरी काढतो.
सातव्यावर बोट ठेवलं तर कायतान नुसता हसला.
राहिला चौथा.
काळ्या शाईची डबी साडेबाराशेला.
नोकरीतला माझा पहिला पगार एकशे दहा होता
हे मी त्याला उगाच सांगितलं.
"आठवड्याक एक पान तरी छापात," तो म्हणाला,
"ना जाल्यार तोंड सुकता."

कागदाला मात्र तासभर लागला.
डब्याला देवनागरी येत नाही.
वृंदा मराठी लिहिते इंग्रजी अक्षरांत,
आणि ही शिकलेली चौथीपर्यंत, पोथीपुरती.
म्हणजे छापून झाल्यावर समासात
माझ्या पेनानं सगळं पुन्हा उतरवायचं.
दोन्ही शाया सोसेल असा कागद हवा.
मी पाच रिमांच्या कोपऱ्यांवर श्री लिहून पाहिलं.
चारांवर श्रीचे पाय फुटले.
पाचव्यावर ते उभे राहिले, ठाशीव.
कायताननं फुकट गेलेल्या चार कोपऱ्यांचे
पैसे लावले नाहीत.

जून, जुलै बरे गेले.
दमट हवेत दोन दोन कागद एकदम आत जात,
म्हणून रीम तांदळाच्या डब्यावर, झाकणाला टेकवून.
टी आला की मी थांबतो: ट, त, ठ की थ?
वात बघते म्हणजे वाट बघते.
दात आलेत म्हणजे दाटून आलंय.
चाळीस वर्षं शुद्धलेखन तपासलं,
मुलीचं पत्र सोडवताना घाम फुटतो.
ही मात्र समासातलंच वाचते,
छापलेल्या बाजूवरून नुसता हात फिरवते.

ऑगस्टातलं पत्र आखूड होतं.
प्रिंटर किरकिरला, तीन ओळी सोडून गप्प झाला.
तिसऱ्या ओळीत: आता बी ए एल राहिलं नाही.
नंतर लिहीन.

बळ, की बाळ.
दोन्ही नपुंसकलिंगी, दोन्हींना तेच क्रियापद.
शाई खणखणीत, कागद उत्तम,
एकही अक्षर पुसट नाही.

"पुढं?" ही चष्मा लावून बसलेली.

मी पेन झटकलं.
ब काढला.
कान्यापुरती जागा सोडून ळ काढला.

तिनं वाचलं नाही.
त्या फटीवर बोट ठेवलं आणि तसंच राहू दिलं,
शाई ओली असताना.

फोनची तार डब्यात होती.
ती काढल्याशिवाय मस्कत लागत नाही.
मी टीव्हीमागं वाकलो,
जळमटांत हात घालून चाचपू लागलो.