चार नंबरची जागा

नाशिकरोडच्या प्रेसमध्ये एकतीस वर्षं
मी छापलेले ताव तपासले.
रेघ केसभर सरकली, आकडा पुसट आला
की ताव बाजूला.
आता संध्याकाळी कोर्टाच्या कडेला
स्कोअरशीट घेऊन बसतो.
टेबल डुगडुगतं. एका पायाखाली
चिवड्याच्या पुड्याची घडी.

मंगळवारी निवड समिती बसली,
गंगापूर रोडला, पिंगळे सरांकडे.
बशीत द्राक्षं होती, निर्यातीत नापास झालेली:
मणी दोन मिलिमीटरनं लहान.
गोड होती.

अकरा नावं चहाआधीच झाली.
बाराव्याला अडलं. अश्वजित गांगुर्डे,
पॉवर फॉरवर्ड, सामने सहा, गुण चोवीस.
"म्हणजे सामन्याला चार?" लुणावत हसले.
"चार तर आमचा मिहिर डोळे मिटून टाकेल."
टाकेल. खोटं कशाला बोलू.
शीट माझी, अक्षर माझं,
चोवीसचे पंचवीस मी कुठून करणार?

पण बॉल रिंगवर आपटून उडतो
तेव्हा सगळ्यांच्या माना वर जातात,
आणि हा वर बघतच नाही.
हा माणूस शोधतो,
त्याच्या पोटाला पाठ लावतो, गुडघ्यांत बसतो,
चढावर थांबलेल्या ट्रकच्या
चाकामागे लावलेल्या दगडासारखा.
रिबाउंड मग कुणीतरी घेतं.
त्या कुणाचं तरी नाव मी लिहितो.

मिहिर मोकळा दिसतो ना तुम्हाला,
एकटा, कोपऱ्यात, वेळ घेऊन नेम धरताना?
त्याच्यामागे धावणारा पोरगा
नुकताच अश्वजितच्या छातीवर आदळलेला असतो.
टाळ्या कोपऱ्याकडे वळतात.
हा बरगडी चोळत मागे पळतो.

मालेगावशी सामना, तिसरा क्वार्टर.
चौथा फाउल झाला, सर म्हणाले, बस बाहेर.
सहा मिनिटं वीस सेकंद बसला,
डोक्यावर टॉवेल,
सातपूरची पाळी करून आलेला,
नखांत अजून ग्रीस.
बसला तेव्हा आम्ही अकरानं पुढे.
उठला तेव्हा तीननं मागे.
मधल्या वेळात मिहिरनं नऊ बॉल फेकले.
एक पडला.

हे मी समासात लिहून ठेवलं होतं, पेन्सिलनं,
कारण त्याला रकाना नाही.
शीट पुढे सरकवली.
"उणे चौदा," लुणावतांनी वाचलं. "हे कुणाचे?"
म्हटलं, त्याच्या नसण्याचे.

कुणी काही बोललं नाही. पंखा फिरत राहिला.
मग पिंगळे सर चष्मा पुसत म्हणाले,
"पण चौथा फाउल त्यानंच केला ना?
आणि किती बावळट! मिडकोर्टवर, काही गरज नसताना."
तेही खरं.
ते चौदाही त्याच्याच खात्यावर टाकायचे का,
यावर अर्धा तास गेला.
हिशेबाचा माणूस मी, मला सांगता आलं नाही.

प्रेसमध्ये नवीन पोरं विचारायची,
काका, एवढं सगळं छापलंय,
मग ही जागा कोरी का सोडली?
मी ताव उचलून ट्यूबलाइटसमोर धरायचो
आणि गप्प बसायचो.
समितीपुढे हे सांगावंसं वाटलं.
पण ट्यूबलाइट नव्हती,
आणि म्हाताऱ्यांनी प्रेसच्या गोष्टी सुरू केल्या
की लोक घड्याळ बघतात.

निर्णय शुक्रवारी.

काल सराव संपल्यावर
बाकीची पोरं माझ्या खांद्यावरून वाकली:
काका, माझे किती? काका, माझा थ्री धरला ना?
अश्वजित आला तो टेबल उचलायला.
एका हातानं उचललं,
वाकून चिवड्याची घडी घेतली, झटकली,
उद्याला लागेल म्हणून खिशात घातली.
"शुक्रवारी किती वाजता कळेल?" म्हणाला.
"सुपरवायझर चारला निघतो.
रजा सांगायची असली तर त्याच्याआधी सांगायला लागेल."