घाटावरची पाटी

लॅबमध्ये अकरा संगणक, चालू चार.
एकाची वायर
खऱ्याखुऱ्या उंदरानं कुरतडलेली.

गुरुवारी रात्री तो फोटो आला,
ऊस वाहतुकीच्या ग्रुपवरून भावजयीकडं,
भावजयीकडून आईकडं, आईकडून माझ्याकडं.
लाल अक्षरात: भिलवडीच्या पुढं, कृष्णेच्या घाटावर
वीस फुटी मगर, उचलायला सहा जण.
खाली जोडलेले हात तीन, आणि
पुढे पाठवा, पुढे पाठवा, कुणाचा तरी जीव वाचेल.

शुक्रवारी आठवी ब, चौथा तास.
धडा मिटला. 'आधी वाचू नका,' म्हटलं, 'बघा.'
मुलं बघायला लागली
बाजारात बैल बघतात तशी, दातापासून.
शिवतेज वायदंडे म्हणाला,
'एवढाले बूट घालून आपल्या घाटावर
कोण उतरतंय, मॅडम?'
कुणाला जीप दिसली, स्टेअरिंग डावीकडं.

मग शब्दाऐवजी फोटोच टाकला शोधायला.
नेट आलं, गेलं, गोल फिरत राहिलं.
तहसीन नदाफ त्या गोलाकडं
दुधाच्या पातेल्याकडं बघावं तशी बघत होती.

आणि आली:
तीच मगर, तेच बूट, तोच जबडा,
नऊ वर्षांपूर्वीची, समुद्रापलीकडची.
मग तीच चंबळमध्ये, तीच गोदावरीत,
तीच कुठल्याशा गावच्या विहिरीत.
मेल्यावर केवढं पोहली होती बिचारी!
वर्ग हसला. मीही.
फळ्यावर मोठ्ठं लिहिलं: खोटं.
खडू ठेवला, हात झटकले.

शेवटच्या बाकावरनं हात वर.
निशिगंधा भोई,
वर्षात दोनदा बोललेली.
'फोटो खोटा हाय, मॅडम. पन मगर हाय.
सोमवारी पप्पा मोटारीचा फुटव्हॉल काढाय उतरले,
तवा मळईत शेपूट ओढल्याली खूण हुती.
आमची एक शेळी गेली.
तिचा कुनी फोटो न्हाई काढला.'

पंखा तेवढा कुरकुरत राहिला.

घंटा होऊन गेली तरी शोधत बसलो.
भोयांच्या मळईतली शेळी
कुठल्याच पानावर नव्हती.
खोट्याच्या बाजूला सतराशे साक्षीदार,
खऱ्याच्या बाजूला एक शेळी,
तीही गेलेली.

डस्टर घेतलं. 'खोटं' पुसलं,
पण नीट पुसलं जाईना,
त्याच्या पांढुरक्या सावलीवरच लिहिलं:
फोटो इथला नाही.
मगर... विचारायचं आहे.
कुणाला, ते मुलांनी सांगितलं:
निशिगंधाच्या पप्पांना. मग वनखात्याला,
पण नंबर त्यांचाच का, हे आधी बघून.

दुपारी वनरक्षक आले फटफटीवरून,
मळईत वाकले, टेप धरली, चिखलाला नाक लावल्यागत बघत राहिले.
'सहा-सात फुटी असंल,' म्हणाले,
'वीस नव्हं. पण दात हायती तिला.'

संध्याकाळी घाटावर पत्र्याची पाटी,
अक्षर निशिगंधाचं:
फोटो खोटा. मगर खरी.
पाण्यात उतरु नका.
'उतरू'चा दीर्घ ऊ राहिला होता.
माझं लक्ष गेलं. मी राहू दिला.

रविवारी आईच्या फोनवर नवा मेसेज.
आमचीच पाटी. तोच पत्रा,
तोच चुकलेला उकार,
आणि वर लाल अक्षरात
दुसऱ्याच जिल्ह्याचं, दुसऱ्याच नदीचं नाव.
जोडलेले हात आता पाच.

सोमवारी लॅबचं दार उघडं.
चारही संगणक आधीच चालू,
निशिगंधा पहिल्या खुर्चीवर, पाय खाली टेकत नव्हते.
'पाटी आपली हाय, मॅडम,
त्ये घावलं लगीच.
पन त्यांच्या नदीत मगर हाय का न्हाई,
तितं कुनाला इचारायचं?'