कायतानचा सूर्योदय

परवा पुतण्याने ग्लास पुढे केला.
रिसॉर्टच्या बारवर असतो तो, आरवलीला.
खालून लाल, वर केशरी, मध्ये कुठेही रेघ नाही.
बर्फ काचेसारखा, आरपार.
म्हणाला, काका, हा तुमच्या काळातला, आता परत चाललाय.
मी घोट घेतला. सगळं बरोबर होतं.
काय कमी आहे, विचारलं त्याने.
मी म्हटलं, काही नाही.

बांगडा कमी होता.

सन चौऱ्याऐंशी. वेंगुर्ल्याच्या बंदराकडे उतरताना
एक परमिट रूम, पाटीवर 'सी व्ह्यू'.
समुद्र दिसायचा नाही तिथून,
दिसायची लिलावाच्या शेडची पाठ
आणि वाळत घातलेली जाळी.
मी तेरा वर्षांचा, तिथे बर्फ पोचवायचो.
सायकलच्या कॅरिअरवर अर्धी लादी,
गोणपाट, लाकडाचा भुसा,
मागे रस्त्यावर ठिपक्यांची ओळ,
ओळीवर कुत्री.
बर्फ मासळीच्या कारखान्यातला. वास यायचाच.

कायतान नऊ वर्षं जहाजावर स्ट्यूअर्ड होता.
शिरोडा, रेडी, मोंबासा, जेनोआ
एका दमात म्हणायचा,
जणू एकाच एस.टी.चे थांबे.
येताना आणला एक स्टीलचा शेकर
आणि डोक्यात अठरा नावं.
बाकी इथे काय मिळणार?
डाळिंबाच्या पाकाऐवजी कोकमाचं आगळ,
त्यातलं मीठ झाकायला साखर,
साखर झाकायला लिंबू.
टकीलाच्या जागी काजूची.
संत्र्याच्या जागी गोल्ड स्पॉट, बूच उडालं की शिंकणारा.
चेरी म्हणून मे महिन्यात करवंद,
एरवी बेकरीतल्या टुटीफ्रुटीचे दोन तुकडे.
ग्लास उजेडाकडे धरून म्हणायचा,
"ह्यो बघ झिला, सूर्य उगवता."
उगवायचा. थोडा काळपट, पण उगवायचा.

गिऱ्हाईकं ती.
खाणीवरचे ट्रकवाले, पापण्यांवर लाल माती घेऊन,
त्यांना रंगाशी देणंघेणं नव्हतं.
ट्रॉलरचा तांडेल भिकाजी, जो सूर्य बघून म्हणायचा,
"रोज बघतंय तो, माका साधी दी."
आणि शाळेतले खवणेकर मास्तर,
'सरबत' म्हणून मागवायचे,
सरबत म्हणूनच उधारी लिहायला लावायचे.

मागच्या दाराने, पगाराच्या दिवशी,
सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाई यायच्या,
रत्नप्रभा आरोंदेकर.
बसायच्या स्वयंपाकघरात, पालथ्या क्रेटवर,
पांढऱ्या साडीला काजळी लागू नये म्हणून आखडून.
त्यांच्यासाठी पिंक लेडी.
जिन, आगळाचे मोजून चार थेंब,
गावठी अंड्याचा पांढरा बलक.
त्या दिवशी कायतान शेकर हलवायचा तो वेगळाच,
खांद्यापासून नाही, मनगटातून,
जसं पाळण्यातल्या पोराला.
फेस यायचा. लाटेचा नव्हे,
दुधाला येतो तसला, घट्ट.
बाई एकच प्यायच्या. ओठावरचा फेस
पदराने नाही, बोटाने पुसायच्या.
बोलायचे काय? पाण्याची टंचाई,
डांग्या खोकला, फादरांचं मोतीबिंदू.
मी बर्फ फोडत असायचो, मला सगळं ऐकू यायचं.
ऐकण्यासारखं काहीच नव्हतं.

सत्त्याऐंशीला बाईंची बदली झाली, कणकवलीला.
फार लांब नव्हे. पण ज्या दिवशी पगार,
त्या दिवशी कायतानने अंडं फोडलं,
आगळ मोजलं, झाकण लावलं
आणि हलवत राहिला.
बर्फाचा आवाज आधी मोठा, मग बारीक,
मग नुसतं पाणी.
ओतलं नाही. शेकर तसाच मोरीत ठेवला.
माझ्याकडे न बघता म्हणाला,
"उद्यापास्नं बरफ कमी हाड."

मी पाव लादी न्यायला लागलो.
कुत्री मात्र काही दिवस
अर्ध्या लादीच्या हिशोबानेच
वळणावर उभी असायची.