शिट्टी

घोरपडे पेठेतल्या शाळेचं मैदान, शनिवार, साडेचार.
तेवीस वर्षं मी शिट्टी वाजवली.
एक लांब म्हणजे गोल करा,
दोन तोकड्या म्हणजे पळा.

निशिगंधा उशिरा पळायची,
शेजारणीचे पाय बघून.
मी वहीत निळ्या शाईनं लिहिलं : आळशी.

जूनमध्ये दोघी नव्या आल्या मदतीला,
तबस्सुम आणि लोहगावची अर्पिता.
आल्या आल्या फॉर्म मागितला.
'वडिलांचे नाव' खोडून 'घरचं कोण?'
गणवेशाच्या पैशांपुढे 'जमेल तेव्हा'.
मी म्हटलं, अगं, नियम असतात.
तबस्सुम म्हणाली, म्हणूनच तर खोडरबर आणलंय.

मग अर्पितानं हळूच विचारलं,
ताई, हिला ऐकू येतं ना?

आता मी गळ्यातला स्कार्फ सोडते.
उंच धरला की गोल,
दोनदा हलवला की पळा.
पहिल्या शनिवारी नुसता गोंधळ,
कुंपणाशी एक रिक्षावाला थांबून हसत होता,
आणि निशिगंधा पार त्या टोकाला
कमरेवर हात ठेवून उभी,
कुठे राहिल्या ह्या सगळ्या?

शिट्टी अजून आहे, किल्ल्यांच्या जुडग्यात.
रात्री वही काढली.
खोडरबरानं शाई गेली नाही,
कागद तेवढा फाटला.